चांदोबा दाखवला तर तो माझं बोट बघायचा

रानजाई

माझा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. त्याला ऑटिझम आहे, म्हणजे इतरांशी संवाद साधणं त्याला मुळातच अवघड जातं, हे आम्हाला त्याच्या तिसऱ्या वाढदिवसानंतर दोन आठवड्यांनी कळलं. दिसत मात्र दीड वर्षाचा असल्यापासून होतं. मधल्या त्या दीड वर्षाबद्दल लिहायचं कित्येक दिवस मनात होतं.

तो वेळेवर बसला, तेराव्या महिन्यात चालला. दात, वजन, उंची, सगळं कार्डाप्रमाणे. पावणेदोन वर्षांचा असताना एबीसीडी झेडपर्यंत म्हणायचा, टीव्हीवरची साबणाची जाहिरात अख्खी म्हणून दाखवायचा. घरी आलेला प्रत्येक जण म्हणायचा, काय हुशार आहे हो! पण तहान लागली की 'पाणी' हा शब्द तोंडातून यायचा नाही. माझं मनगट धरून मला माठापर्यंत ओढत न्यायचा आणि माझा हात उचलून माठाच्या तोटीवर ठेवायचा. तोंडाकडे एकदाही बघायचा नाही. पाणी मिळालं की निघून जायचा.

मग कोजागरी आली. गच्चीवर सोसायटीतले सगळे जमले होते, दूध आटत होतं. शेजारची चौदा महिन्यांची मुलगी, जिला 'बा' सोडून एक शब्द येत नव्हता, तिने चंद्राकडे बोट केलं. मग वळून आईच्या तोंडाकडे बघितलं. परत चंद्राकडे, परत आईकडे. आई 'हो गं, चांदोबा!' म्हणाली तेव्हा कुठे तिचं समाधान झालं. मी माझ्या लेकाला कडेवर घेतलं आणि म्हटलं, तो बघ चांदोबा. तो माझ्या बोटाकडे बघत राहिला. मग बोटातली अंगठी फिरवायला लागला.

माझ्या पोटात त्या रात्री खड्डा पडला होता. पण दुसऱ्या दिवशी मी स्वतःची समजूत घातली, कारण एवढी इंग्रजी अक्षरं येणाऱ्या मुलाला काही असेल हे कोणाला सांगणार? दोन वर्षांचा झाल्यावर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, मुलगे उशिराच बोलतात, प्लेग्रुपला घाला. प्लेग्रुपने दोन महिन्यांनी बोलावून सांगितलं की हा बसत नाही, घरीच ठेवा. घरचे म्हणाले, बोलेल हो, घाई काय आहे.

तीन वर्षांनंतर स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजच्या हालचाली आणि कामं शिकवणारी) सुरू झाली. साडेचार वर्षांचा असताना एका सकाळी बाल्कनीतून त्याने कचऱ्याच्या गाडीकडे बोट केलं आणि वळून माझ्याकडे बघितलं. मी हातातलं पीठ तसंच ठेवून खाली बसले आणि रडले. शेजारच्या मुलीला जे चौदाव्या महिन्यात येत होतं ते त्याला येऊन पोचलं होतं. आज तो छोट्या वाक्यांत बोलतो, बसचे नंबर सगळे पाठ आहेत, शाळेत जातो.

तुम्हाला तुमच्या मुलात पहिल्यांदा काय जाणवलं, कधी, आणि नंतर काय केलंत, हे लिहा. जाणकारांनीही लिहा.

कोयनाकाठ

रानजाईताई, मनापासून लिहिलंय, वाचताना गलबलून आलं. तरी एक काळजी वाटते म्हणून लिहितो. माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा होईपर्यंत चार शब्दांवर होता. आज दहावीत आहे, बोलतो भरपूर. प्रत्येक मूल वेगळं असतं. आधीच आया फोनवर 'मुलाला कधी काय यायला हवं' याचे तक्ते बघून झोप घालवून बसलेल्या असतात. त्यात प्रत्येक उशिरा बोलणाऱ्या पोरावर शिक्का बसायला नको.

रानजाई

कोयनाकाठदादा, एक विचारू? सव्वादोन वर्षांपर्यंत शब्द नव्हते तेव्हा तो तुम्हाला काय हवं ते कसं सांगायचा?

कोयनाकाठ

सगळं खुणांनी. बाहेर जायचं असलं की माझ्या चपला आणून समोर ठेवायचा आणि दाराकडे बोट. नको असलं की मान हलवायचा. 'आजोबांना चष्मा दे' म्हटलं की बरोबर नेऊन द्यायचा. हत्ती कसा चालतो म्हटलं की हाताची सोंड करायचा.

डॉ. पिंपळपान

मी बालरोगतज्ज्ञ आहे, गेली काही वर्षं फक्त विकासाशी निगडित अडचणींचंच काम बघतो. कोयनाकाठ यांचं उत्तर महत्त्वाचं आहे. शब्द नव्हते, पण समज होती, खुणा होत्या, बोट दाखवणं होतं, नक्कल होती. अशा मुलांपैकी बरीच जण पुढे आपोआप गाडी पकडतात. शब्द आहेत पण ते कोणाशी बोलण्यासाठी नाहीत, हे रानजाईंच्या मुलाचं चित्र वेगळं. म्हणून माझ्याकडे 'किती शब्द बोलतो' हा प्रश्न नंतर येतो. आधी मी विचारतो, काही नवीन दिसलं की तुम्हाला दाखवायला येतो का?

आपण खूप आधीपासून बघू शकतो. दीड-दोन महिन्यांचं बाळ तोंडाकडे बघून हसू लागतं. तीन-चार महिन्यांत मान धरतं. सहा महिन्यांच्या आसपास आधाराने बसतं, आठव्या-नवव्या महिन्यात आधाराशिवाय. नऊ-दहा महिन्यांत चिमटीत मुरमुरा पकडतं, नावाने हाक मारली की वळतं, 'बाबाबा, दादादा' अशी लांबलचक बडबड करतं. वर्षाच्या सुमारास टाटा, टाळ्या, एखादा अर्थपूर्ण शब्द. दोन वर्षांत दोन शब्द जोडून, 'बाबा गेला', 'अजून दूध'.

या सगळ्याला मागे-पुढे बरीच मोकळीक असते. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात मुलं एकटी चालू लागली ती आठव्या महिन्यापासून ते साडेसतराव्या महिन्यापर्यंत. ४.३ टक्के मुलं तर हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. तेव्हा शेजारचं पोर दहाव्या महिन्यात चाललं आणि आपलं चौदाव्यात, याला काही अर्थ नाही. मूल वेळेआधी जन्मलं असेल तर वय मोजताना ते आठवडे वजा करायचे, दोन वर्षांपर्यंत. बत्तीस आठवड्यांत जन्मलेल्या बाळाचं सहा महिन्यांचं वय म्हणजे विकासाच्या हिशेबाने साधारण चार महिनेच.

पण काही गोष्टींना मोकळीक नाही. तिथे 'बघू' म्हणायचं नाही. तीन महिने झाले तरी नजर स्थिर होत नाही, बाळ हसत नाही. चार-पाच महिने झाले तरी मान नाही. नऊ महिन्यांत हाकेला प्रतिसाद नाही. वर्ष झालं तरी बडबड नाही, एकही खूण नाही. दीड वर्षापर्यंत चालत नाही, बोटाने दाखवत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जे येत होतं ते गेलं, दहा शब्द होते ते बंद झाले, टाटा करायचं थांबलं. हे कुठल्याही वयात झालं तरी त्याच आठवड्यात दाखवायचं.

शिक्क्याबद्दल. तपासणी म्हणजे निदान नव्हे. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची हो-नाही अशी चाळणी आहे, पालकच भरतात. त्यात अडकलेल्या प्रत्येक मुलाला ऑटिझम असतोच असं नाही. पुढे नीट तपासलं जातं. चाळणीत अडकून नंतर सगळं ठीक निघालं तर चार दिवसांची धाकधूक, एवढंच नुकसान. उलट बाजूचं नुकसान रानजाईंच्या पहिल्या पोस्टमध्ये आहे.

मृदगंध

मी इथे बरेच दिवस वाचते, लिहीत कधीच नाही. आज हात थरथरतोय. मुलगी एकोणीस महिन्यांची आहे. 'आई' म्हणायची, आता म्हणत नाही. हाक मारली की वळत नाही, पण चिप्सचं पाकीट फाडलं की आतल्या खोलीतून धावत येते, म्हणजे कान चांगले असणार ना? घरात मी कोकणी बोलते, नवरा मराठी, सांभाळणारी बाई हिंदी. सासूबाई म्हणतात तीन भाषांमुळे गोंधळलीय. आणि ती अजून वॉकरमध्ये फिरते, त्यामुळे काही झालं असेल का?

श्रवणा

मृदगंध, मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकू किती येतं ते तपासते. पाकिटाच्या आवाजाला धावत आली म्हणून कान चांगले, असं समजू नकोस. ताट वाजवून बघणं, दार आपटून बघणं, हे सगळं घरोघरी होतं आणि त्यात किती मुलं निसटतात ते आम्ही रोज बघतो. काही मुलांना मोठे आवाज ऐकू येतात, पण 'स', 'फ', 'क' असे बारीक आवाज येत नाहीत. त्यांना बोलणं भिंतीपलीकडून आल्यासारखं ऐकू येतं. मूल आपला हात हलताना बघतं, जमिनीची थरथर जाणवते, आणि आपण म्हणतो ऐकलं.

अजून एक. जन्मापासून ऐकू न येणारी बाळंही पहिले काही महिने हुंकार देतात, गळ्यातून आवाज काढतात. त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही. पुढे इतर बाळांची बडबड वाढत जाते आणि यांची ओसरते.

ओएई ही आतल्या कानाची तपासणी बाळ झोपलेलं असताना काही मिनिटांत होते, कानात छोटी कळी ठेवून. त्यात शंका आली की बेरा, म्हणजे आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी चाचणी. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र आणि थेरपी, असा जगभर मानला जाणारा क्रम आहे. आपल्याकडे अजून कित्येक मुलं अडीच-तीन वर्षांची होऊन येतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही केंद्र सरकारची संस्था १९८३ पासून हेच काम करते. बोलण्याची काहीही शंका असेल तर पहिली चाचणी कानाची, मग बाकीचं. बाळाला जन्मानंतर खूप कावीळ झाली असेल, घरात कोणाला लहानपणापासून कमी ऐकू येत असेल, तर काही जाणवत नसलं तरी करून घ्या.

सातासमुद्रापार

भाषेबद्दल मी लिहितो, कारण ती चूक आम्ही केली. आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा दोन वर्षांचा असताना एका परिचितांच्या सांगण्यावरून घरात मराठी बंद केली. आमचं इंग्रजी ऑफिसचं, बाळाला खेळवायचं इंग्रजी आम्हाला येतच नव्हतं. घर मुकं झालं. सोनू, बबड्या, लबाड, यातलं काही म्हणता येईना. आजीशी व्हिडिओ कॉल थांबला, कारण आजी काय इंग्रजी बोलणार! सहा महिन्यांनी आमच्या स्पीच थेरपिस्टने, त्या स्वतः अमेरिकन, विचारलं की तुम्ही त्याच्याशी इतकं कमी का बोलता? कारण कळल्यावर त्या म्हणाल्या, ज्या भाषेत तुम्हाला हसता-रागावता येतं त्याच भाषेत बोला. जास्त भाषांमुळे ऑटिझम होत नाही, बोलणं थांबतही नाही. दोन भाषांमधले शब्द वेगवेगळे मोजू नका, एकत्र मोजा.

इथली सोय सांगतो, तिथेही कोणाला उपयोगी पडेल. तीन वर्षांच्या आतल्या मुलासाठी पालक स्वतः फोन करून तपासणी मागू शकतात, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. कायद्याने ४५ दिवसांत तपासणी आणि पहिली बैठक व्हावी लागते. थेरपिस्ट घरी येतात. आमच्या घरी आलेल्या बाईंनी नवीन खेळणं एकही आणलं नाही. आमच्याच स्वयंपाकघरातल्या वाट्या घेतल्या. एक वाटी त्याला द्यायची, दुसरी हातात धरून थांबायचं. त्याने नजर वर करून बघितलं की लगेच द्यायची. तिसऱ्या दिवशी तो स्वतःहून बघायला लागला.

डॉ. पिंपळपान

मृदगंध, वॉकरमुळे बोलणं थांबलेलं नाही, तो दोष मनातून काढून टाका. पण चाकांचा, मूल आत बसवायचा प्लास्टिकचा वॉकर आजच उचलून ठेवा. त्याने चालणं लवकर येत नाही आणि अपघात होतात. कॅनडाने २००४ मध्ये त्यावर बंदीच घातली. आपला जुना लाकडी पांगुळगाडा वेगळा. तो मूल स्वतः उभं राहून ढकलतं, भार स्वतःच्या पायावर असतो.

येत असलेला शब्द गेला, हे तुम्ही सहज लिहून गेलात. त्यासाठी थांबू नका. कानाची तपासणी आणि विकासाची तपासणी एकाच आठवड्यात ठरवा. आणि तोपर्यंत मोबाइल, टीव्ही बंद. दोन वर्षांच्या आत पडदा नकोच. पडद्याने ऑटिझम होतो असं मी म्हणत नाही, पण तो वेळ माणसांकडून काढून घेतला जातो.

अंगणातली

मी पालघर जिल्ह्यात मुख्यसेविका आहे, अंगणवाडी सेविकांचं काम बघते. इथे सगळी चर्चा शहरातली चालली आहे म्हणून लिहिते. आमच्या पाड्यांवर बालरोगतज्ज्ञ नाही, पण सेविका आहे, आशाताई आहे. तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्याला आशाची गृहभेट असते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते, डॉक्टर, नर्स, औषधवाले असं पथक. हा कार्यक्रम देशासाठी २०१३ च्या फेब्रुवारीत आमच्या पालघरमधूनच सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत तपासणी आणि पुढचे उपचार मोफत. पुढे जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात, तिथे फिजिओथेरपी, वाचा, कान, डोळे एका जागी बघतात. शहरातल्या लोकांनाही हे माहीत नसतं, महागड्या दवाखान्यांत पैसे घालत बसतात.

एक सांगते. एका पाड्यावर वजन करताना अकरा महिन्यांची मुलगी होती. वजन ठीक. सेविकेने तिच्यापुढे चार मुरमुरे ठेवले. तिने डाव्या हाताने पटापट उचलले. आजी कौतुकाने म्हणाली, डावखुरी आहे. आमच्या सेविकेने डावा हात हलकेच धरून ठेवला. मुलगी रडायला लागली, पण उजवा हात पुढे आला नाही. मूठ बंद, अंगठा मुठीच्या आत. वर्षाच्या आत मूल डावरं-उजवरं ठरत नाही, दोन्ही हात सारखे वापरायला हवेत. तिची उजवी बाजू कमजोर होती, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणं. ती सेविका बारावी शिकलेली आहे. तिने मुरमुऱ्यावरून ओळखलं.

केंद्रात पाठवणं ही अर्धीच गोष्ट. जिल्ह्याला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, दोन गाड्या बदलायच्या. तीन फेऱ्यांनंतर लोक येणं बंद करतात. म्हणून आम्ही फिजिओथेरपिस्टकडून दोनच व्यायाम शिकून घेतले, जे आंघोळ घालताना करता येतील. तेल लावतानाच मूठ उघडायची, अंगठा बाहेर काढायचा. हे आजीने रोज केलं.

माईआत्या

मी रानजाईच्या घरातल्या 'बोलेल हो' म्हणणाऱ्यांच्या जागेवर बसलेली आजी आहे. माझं वय एकाहत्तर. नातू उशिरा बोलत होता तेव्हा सुनेला मी म्हटलं होतं, त्याचा बापही तीन वर्षांचा झाल्यावर बोलला. खरंच बोलला होता. पण मी विसरले होते की त्याचा बाप अंगणात चार पोरांत खेळायचा, भांडायचा, माझ्या पदराला धरून विहिरीवरचा बगळा दाखवायचा. नातू कोपऱ्यात बाटल्यांची झाकणं ओळीत मांडायचा. मला फरक दिसत होता. तोंडातून निघाला तो शब्द मात्र सुनेला दोष देणारा होता, तू मोबाइलवर असतेस म्हणून.

आमच्या काळी सगळ्यांना एकच शब्द होता, मंद. गल्लीत एक मुलगा होता. आई त्याला पाहुण्यांसमोर आणायची नाही. आता वाटतं, त्याला कदाचित फक्त ऐकू येत नसेल. कोणी बघितलंच नाही.

सुनेची माफी मागितली मी. नातवाच्या थेरपीला आठवड्यातून दोनदा मीच घेऊन जाते. आज्यांनो, सून म्हणाली की मला काहीतरी वेगळं वाटतंय, तर तिच्याबरोबर दवाखान्यात जा.

रानजाई

माईआत्या, तुमचा प्रतिसाद मी माझ्या सासूबाईंना वाचून दाखवला. त्या काही बोलल्या नाहीत, पण रात्री मुलाजवळ बराच वेळ बसल्या होत्या.

दोष देण्यावरून आठवलं. कॅनर नावाच्या डॉक्टरांनी १९४३ मध्ये ऑटिझमचं पहिलं सविस्तर वर्णन केलं, आणि पुढे कितीतरी वर्षं 'आईच्या थंडपणामुळे होतो' असं डॉक्टरच सांगत होते. ते केव्हाच चूक ठरलंय. लसीचंही तसंच. १९९८ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकातल्या ज्या लेखाने गोवराच्या लसीशी ऑटिझमचा संबंध जोडला, तो त्याच नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. तरी व्हॉट्सॲपवर अजून फिरतो. कृपया लसी चुकवू नका.

व्यनिमधून (खासगी निरोपातून) काही जणींनी ऑटिझमवरच्या स्टेम सेल उपचाराबद्दल, म्हणजे शरीरात मूळ पेशी सोडण्याबद्दल, विचारलंय. आम्हालाही एकाने लाखोंचा आकडा सांगितला होता. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने २०२२ मध्येच सांगितलं आहे की ऑटिझमसाठी या उपचाराची शिफारस करता येत नाही. तो पैसा थेरपीला आणि स्वतःच्या रजेला ठेवा.

आणि कागद. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत, त्यात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता सगळं येतं. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढायला मी दोन वर्षं टाळाटाळ केली, कारण त्या कागदावर मुलाचा फोटो मला बघवत नव्हता. पण शाळेतल्या सवलती, निरामय आरोग्य विमा, सगळं त्याच कागदावर चालतं. निरामयमध्ये वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो, थेरपीचाही काही भाग त्यात येतो.

ऑटिझम असलेल्या मुलांना मराठीत 'स्वमग्न' म्हणतात, तो शब्द मी वापरत नाही. माझा मुलगा बसमध्ये माझ्या खांद्यावर डोकं ठेवून थांब्यांची नावं पुटपुटतो, एखादा थांबा मी चुकवला की माझा हात दाबतो. तो माझ्यात पुरता गुंतलेला आहे.

कोयनाकाठ

रानजाईताई, माझं मत बदललंय. आमच्या साहेबांचा नातू अडीच वर्षांचा आहे. काल त्यांच्या घरी गेलो तेव्हा शब्द मोजले नाही. खिडकीतल्या कावळ्याकडे बोट केलं. पोराने कावळा बघितला, मग माझ्याकडे बघून हसला. बरं वाटलं. तरी साहेबांना कानाची तपासणी करायला सांगून आलो.

मृदगंध

ओएई झाली. एका कानात शंका आहे, बेराची वेळ मंगळवारी मिळालीय. विकासाच्या डॉक्टरांकडे शनिवारी अकरा वाजता. वॉकर माळ्यावर टाकला. मी तिच्याशी कोकणीतच बोलतेय. कोणी सांगू शकेल का, जाताना बरोबर काय न्यायचं?

रानजाई

जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाचं कार्ड, आणि 'आई' म्हणत होती तेव्हाचा व्हिडिओ असेल तर तो. आत्ताचे दोन-तीन, प्रत्येकी एक-दोन मिनिटांचे: एकटी खेळताना, हाक मारताना, जेवताना. तिच्या आवडीची वाटी किंवा खेळणं एक. खाऊ बरोबर ठेव, वेळ लागतो. झोपेच्या वेळेला धरून जाऊ नकोस, अकराला झोपत असेल तर आत्ताच फोन करून वेळ बदल. आणि सासूबाईंना बरोबर ने. शनिवारी रात्री इथे लिही, मी जागी असेन.